तीन फेरीबोटी आणि एक क्लच केबल

आदली संध्याकाळ

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाट टाकून बसलो होतो. इंजिन सकाळपासून गार होतं. टॅपेटचं झाकण काढलं, पिस्टन वर आणला आणि झडपा उघडणारे पुशरॉड एकेक करून चिमटीत धरून फिरवले. बोटांनी अलगद फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. इनलेटचा फिरला. एक्झॉस्टचा घट्ट होता. तो सैल करायला दोन पाने धरावे लागतात आणि तिसऱ्या हाताची गरज पडते. तो तिसरा हात म्हणजे आमची मुलगी. तिनं मोबाईलमधून डोकं न काढता पाना धरला.

माझी बुलेट 2004 सालची, जुन्या लोखंडी इंजिनची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. वर एक, खाली तीन. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर पंधरा थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, ठेवायचं आणि मधूनमधून पॉलिश पेपर मारायचा, एवढी सेवा केली की कुरकुरत नाही. सोमवार ते शनिवार मी स्कूटरवरून कॉलेजात जातो, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. रविवारी सकाळी बुलेट काढून पानशेतपर्यंत किंवा सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो, तेही बायको उठायच्या आत. आणि जानेवारीच्या शेवटी वर्षातून एकदा लांब. यंदा सागरी मार्ग धरायचा ठरला होता. हरिहरेश्वरपासून मालवणपर्यंत, जमेल तितकं समुद्राच्या कडेकडेनं.

सोबत मेहुणा. वय चौतीस, नोकरी आयटीत, गाडी हिमालयन. हँडलवर मोबाईल, हेल्मेटमध्ये इंटरकॉम. दुसरा इंटरकॉम त्यानं माझ्यासाठी आणला होता. बुलेटवर बसल्यावर त्यात काय ऐकू येणार? तो घरीच राहिला.

शेवटचं काम जादा क्लच केबलचं. नाना पेठेतून आणलेली नवी केबल मी जुनीच्या शेजारून, टाकीखालून ओवून, चिकटपट्टीनं बांधून ठेवली. जुनी तुटली तर दोन टोकं अडकवायची की झालं. ही युक्ती मी गेली पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. अडकवायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

दिवस पहिला : पुणे ते हरिहरेश्वर

पहाटे साडेपाच. मेहुण्यानं बटण दाबलं आणि तो तयार. माझा विधी वेगळा. चावी फिरवली की अँपिअरमीटरचा काटा डावीकडे पडतो. किक हळूहळू दाबत जायची. काटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वर पोचला. मग सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून किक बोटभर आणखी खाली न्यायची, सोडायची, आणि आता एकच लाथ. वॉचमनकाका हे दर रविवारी बघतात, तरी प्रत्येक वेळी खुर्ची वळवून बसतात.

पौडला चहा, मुळशीच्या पाण्यावर धुकं. 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. ताम्हिणीत थंडी इतकी होती, की हातमोज्यांवरून हातमोजे घालावेसे वाटत होते. पण जानेवारीतला ताम्हिणी मला पावसाळ्यातल्यापेक्षा जास्त आवडतो. धबधबे नाहीत, म्हणून गर्दी नाही. वळणं आपली, आणि उतारावर बंद थ्रॉटलचा फटफटाट दरीतून परत येतो तो ऐकत जायचं.

माणगावला महामार्ग ओलांडला. त्याविषयी न बोललेलं बरं. म्हसळ्यानंतर हवेला ओलावा आला आणि श्रीवर्धनमध्ये शिरताना पोफळीच्या वाड्या दिसायला लागल्या. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव, आणि इथली रोठा सुपारी नावाजलेली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी इथून गेलो होतो, तेव्हा मोडलेल्या खोडांमधून थेट आभाळ दिसायचं. आता नवी रोपं पुरुषभर वाढलीत. ज्यांच्याकडे पाणी प्यायला थांबलो त्या आजी म्हणाल्या, "सुपारी धरेपर्यंत आमी नसू." आणि लगेच सोलायला बसल्या.

मुक्काम हरिहरेश्वर. जेवणात घावन आणि ओल्या नारळाची चटणी मागून घेतली.

दिवस दुसरा : बागमांडला, वेश्वी, हर्णै

देवळामागची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच करता येते. डोंगराच्या फटीतून पायऱ्या उतरायच्या की एकदम समुद्र, आणि खडकांना मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली. खारं पाणी दगडात शिरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगड कणाकणानं सुटतो. हे मी मेहुण्याला सांगत होतो. तो फोटो काढत होता. "दाजी, जरा डावीकडे सरका," म्हणाला, कारण फ्रेममध्ये मी येत होतो.

तिथून चार-पाच किलोमीटरवर बागमांडला. समोर सावित्रीची खाडी. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी इथं समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. बोट नुकतीच सुटलेली, पलीकडच्या काठाला टेकलेली दिसत होती.

"पुढची कधी?" मेहुण्यानं विचारलं.

"येल की," तिकीटवाला म्हणाला.

मेहुण्याच्या मॅपला हे उत्तर कुठं भरायचं ते कळेना. तो दर पाच मिनिटांनी पोचायची वेळ बघायचा आणि ती पाच मिनिटांनी पुढे गेलेली असायची. मी गाडी मोठ्या स्टँडवर चढवली आणि साखळीला तेल दिलं. मागचं चाक हातानं फिरवत, प्रत्येक कडीवर एक थेंब. माझ्या टूरमध्ये हे काम ठरलेलं असतं आणि त्याची जागा खाडीकाठीच असते. दुसरीकडे कुठं गाडीजवळ अर्धा तास बसणं होतं?

बोट आली. लोखंडी फळी धक्क्यावर आपटली तेव्हा एसटी, दोन टेम्पो, एक नवरदेवाची गाडी आणि पाचपन्नास माणसं उतरली. दुचाक्या कडेला लावायच्या. पत्रा ओला, त्यावर डिझेल सांडलेलं, आणि बुलेटचं वजन तर पावणेदोनशे किलोच्या आसपास. इथं पुढचा ब्रेक दाबला की माणूस गेलाच. पाय टेकवत, पहिल्या गिअरमध्ये, इंजिनच्याच दमावर चढायचं. चढलो. मागून मेहुणा रुबाबात आला आणि त्याचा टेकलेला पाय सरकला. गाडी एका मासेवालीच्या पाटीवर रेलली. मासे वाचले. पण बाईंनी पुढची दहा मिनिटं, म्हणजे पलीकडचा काठ येईपर्यंत, त्याला जे सुनावलं ते इथं छापण्याजोगं नाही. वेश्वीला उतरताना त्यानंच त्यांची पाटी डोक्यावर चढवून दिली.

बाणकोटचा किल्ला वर डोंगरावर. 1755 साली सुवर्णदुर्गाच्या मोहिमेच्या आगेमागे इंग्रजांनी हा भाग हाताखाली घातला आणि किल्ल्याला व्हिक्टोरिया नाव दिलं. आपण बाणकोटच म्हणतो. खाली वेळास, नाना फडणवीसांचं गाव. अलीकडे ते कासवांसाठी जास्त ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं निघायला अजून अवकाश होता, त्यामुळं गाव निवांत होतं. केळशीला जायला भारजा नदीची खाडी आडवी येते, म्हणून आत वळसा. रस्ता असा की मेहुण्याची गाडी खूश आणि माझे नटबोल्ट नाखूश. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो आणि हर्णैला चारच्या सुमाराला पोचलो तेव्हा बंदरावर लिलाव भरात होता. समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर कोळंबीचे ढीग, आणि बोली इतकी झरझर की आकडा कळेपर्यंत माल उचललेला. मुरूडला मुक्काम. सुरमई तळलेली, सोलकढी दोन वाट्या. मेहुण्याची तिसरी.

दिवस तिसरा : दोन खाड्या

दापोलीवरून दाभोळ. वाशिष्ठीची खाडी. ही फेरीबोट 2003 पासून चालू आहे. ती नव्हती तेव्हा समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणवरून शंभरएक किलोमीटरचा फेरा पडायचा. पहिल्यांदा या बोटीत बसलो तेव्हा बुलेट नवी होती आणि माझे केस काळे होते. आज बोट लगेच मिळाली. एवढंच. गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन, हेदवीला बामणघळ. भरतीचं पाणी फटीत घुसून वर उसळतं, ते बघायला आम्ही चुकीच्या वेळी पोचलो होतो. पाणी शांत पडलेलं होतं.

तवसाळला मात्र बोट समोरून गेली. अगदी तोंडावरून. मेहुणा हॉर्न वाजवत राहिला आणि बोटीवरच्या माणसानं प्रेमानं हात हलवला.

तासभर बसलो. धक्क्यावर एक टपरी, तिथं कोकम सरबत. एका म्हाताऱ्या खलाशाशी गप्पा सुरू झाल्या. समोर जयगड, तिथला वीजप्रकल्प, शास्त्री नदीचं संथ पाणी. गप्पांचा विषय पूल. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकतोय. आता या सगळ्या मोठ्या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. मी बोलून गेलो, की पूल झाले तर ही मजा जाईल. खलाशानं माझ्याकडे, मग बुलेटकडे पाहिलं.

"मजा तुमची," तो म्हणाला. "रात्री पोरगी अडली तर बोट नसते."

मी सरबताचा ग्लास धुवायला उठलो. पूल झालेच पाहिजेत, त्यात वाद नाही. तरी सावित्रीवरून साठच्या वेगानं जाणाऱ्याला पलीकडे जिल्हा बदलला हे पाटी वाचूनच कळेल.

जयगडहून मालगुंड. केशवसुतांचा जन्म इथला, 1866 चा. मेहुण्याला 'तुतारी' शाळेतली दोन कडवी पाठ निघाली. मला धक्का बसला.

दिवस चौथा : आडिवऱ्याची सायकल गॅरेज

सकाळी आरे-वारे. डोंगराच्या कुशीतून रस्ता, खाली एकाला लागून एक दोन किनारे, आणि उन्हात चमकणारं पाणी. इथं वेग वाढवणाऱ्याला दंड करावा. रत्नागिरीत थिबा पॅलेस बाहेरूनच पाहिला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये या गावात आणून ठेवलं, राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये तो गेला. राजवाड्यातून समुद्र दिसतो. बोट मात्र त्याच्यासाठी कधी आली नाही.

भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडीचं सुरूबन. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कातळशिल्पातला हत्ती पाहिला. जांभ्यात कोरलेला, इतका मोठा की जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. मेहुण्यानं तिथं अर्धा तास घालवला, आणि पहिल्यांदाच घड्याळ बघितलं नाही.

सड्यावरून उतरताना क्लच जरा मऊ लागायला लागला. मग किंचित खरखरीत. हे मला कळायला हवं होतं. केबल एकदम तुटत नसते. आतली तार निपलपाशी, म्हणजे टोकाच्या पितळी बोंडापाशी, एकेक धाग्यानं तुटत येते आणि लिव्हरच्या पोटात बारीक काटे उभे राहतात. पुढच्या वळणावर गिअर टाकायला लिव्हर ओढली, ती हँडलला जाऊन चिकटली आणि तिथंच राहिली.

मी घाबरलो नाही, उलट आत कुठंतरी खूश झालो. पंधरा वर्षांनी युक्तीचा दिवस उजाडला होता! मेहुण्याला हाक मारून बोलावलं, बघ म्हटलं, पाच मिनिटं. गिअरबॉक्सवरचं दोन स्क्रूंचं झाकण काढलं, नव्या केबलचं टोक आत अडकवलं, दुसरं लिव्हरपर्यंत ओढलं.

दोन बोटं कमी पडलं.

पुन्हा ओढलं. ॲडजस्टर पूर्ण आत घेतला. दोन बोटं ती दोन बोटंच. दुकानात मी केबल हातात घेतली होती, जुनीशेजारी धरून मापली नव्हती. ती डाव्या गिअरच्या गाडीची निघाली. फिजिक्सचा मास्तर, रोज पोरांना सांगतो आधी मोजा. मेहुणा काही बोलला नाही. त्याबद्दल मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

आडिवरे चार-पाच किलोमीटर. क्लचशिवाय बुलेट चालवता येते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायचं, पाय मारत गाडीला गती द्यायची आणि चालता चालता पायाच्या बोटांनी गिअर वर उचलायचा. कडाक्कन आवाज येतो, गाडी उडी मारते आणि चालायला लागते. पुढचे गिअर थ्रॉटल सोडून, आवाज ऐकून टाकायचे. इंजिन आणि चाक एकमेकांच्या चालीला आले की गिअर आपसूक पडतो. थांबायचं असेल तर न्यूट्रल फाइंडर. गिअरच्या शेजारची ही छोटी पट्टी टाचेनं दाबली की गाडी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रलमध्ये येते. लोक विचारतात ही कशाला असते. याला असते. एका म्हशीसाठी आणि एका एसटीसाठी मी ती दोनदा वापरली.

आडिवऱ्यात एक गॅरेज. सायकलींचं, पंक्चरचं, आणि कोपऱ्यात रिक्षाचे दोन टायर. आत सत्तरीचे एक काका, चष्म्याला दोरा बांधलेला.

"काय झाला?"

मी तुटकी केबल पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, आधी गाडीची लिव्हर चाचपली. मग दोन्ही केबली शेजारी धरल्या, नव्या केबलकडे तुच्छतेनं पाहिलं आणि फळीवरून रिक्षाची एक तार काढली. जाडी सारखी, लांबी भरपूर. माझ्या जुन्या केबलच्या नळीतून ती ओवली, वरून तेल सोडलं आणि वरखाली ओढत राहिले, खालच्या टोकाला तेल टपकेपर्यंत. गिअरबॉक्सकडचं निपल कानशीनं घासून बसवलं. लिव्हरकडचं मात्र नव्यानं करायला हवं होतं.

माझं जुनं पितळी निपल त्यांनी स्टोव्हवर लाल केलं आणि आतले तारेचे तुकडे चिमट्यानं ओढून काढले. नवी तार त्यातून घातली. मग टोकाचे धागे खिळ्यानं एकेक करून बाहेर वाकवले, सोनटक्का उमलावा तसे. तार मागे ओढली, तर ते फूल निपलच्या खोबणीत रुतून बसलं. पळीत कथील वितळत होतं. तारेला नवसागर लावला, नाक चुरचुरणारा पांढरा धूर निघाला, आणि निपल पळीत बुडवून वर काढलं. एक क्षण ते आरशासारखं चमकलं. मग बघता बघता त्यावर साय धरली आणि ते घट्ट झालं. फुंकर नाही, पाणी नाही. "तसाच थंड होऊ दे," म्हणाले. थंड होईपर्यंत चहा.

चहा पिताना त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

"दोन बोटं सदा क्लचवर ठेवता काय?"

मी गप्प.

"लिव्हर तिथंच झिजली हाय. दोन जागी. म्हणून तार तुटते."

पंचवीस वर्षं मी गाडी चालवतोय. त्यांनी मला चालवताना पाहिलंसुद्धा नव्हतं.

दीडशे रुपये झाले. मेहुण्यानं मोबाईल काढला, तर रेंज नाही. त्याच्या पाकिटात एकही नोट नव्हती. माझ्या टाकीवरच्या पिशवीत, पावसाळी पँटच्या घडीत, होत्या.

नाटे, जैतापूर, मग अंधार. विजयदुर्गला पोचायला रात्रीचे नऊ वाजले. सगळा रस्ता मी दोन बोटं मुठीत आवळून गाडी चालवली, आणि प्रत्येक गतिरोधकाला ती आपोआप बाहेर आली.

दिवस पाचवा : विजयदुर्ग ते मालवण

विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी समुद्रातून वर आल्यासारखी दिसते. तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेतला. आत 'साहेबाचा कट्टा' आहे. हेलियमचा शोध इथं लागला असं कौतुकानं सांगतात. मला ते कौतुक मोडवत नाही, पण वर्गात मी वेगळं सांगतो. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात जान्सेन हा फ्रेंच माणूस गुंटूरला होता. इंग्रज लॉकियर भारतात नव्हता, त्यानं सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ दोन महिन्यांनी इंग्लंडातून, ग्रहण नसताना पाहिली. मेहुण्यानं विचारलं, मग हा कट्टा कशाला? बसायला, म्हटलं. बसलो. वारा छान होता.

देवगडच्या रस्त्याला मोहोराचा वास हेल्मेटच्या आत येतो. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा. या आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांनी एकदा सगळं गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं. मेहुणा म्हणाला, आपण तेच करतोय की. संध्याकाळी मालवण. कोंबडी-वडे खाल्ले आणि सिंधुदुर्ग काठावरूनच पाहिला, कारण शेवटची होडी गेली होती. या वेळी मेहुणा हॉर्नसुद्धा न वाजवता वाळूवर बसला.

दिवस सहावा : परत

कणकवली, फोंडा घाट, दाजीपूरचं जंगल, राधानगरी. घाटात इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबलो. कोल्हापुरात मिसळ. तिथून पुढे महामार्ग, सव्वादोनशे किलोमीटर. त्यावर लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेवढ्या अंतरात आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मेहुणा पुढे निघून जायचा आणि टोलनाक्यापलीकडे वाट बघत उभा राहायचा.

कात्रजला नेहमीची कोंडी. एकेक पाऊल गाडी सरकत होती, अंधार पडला होता, पाठ बोलायला लागली होती. मेहुणा शेजारी येऊन थांबला. काच वर केली आणि माझ्या डाव्या हाताकडे बघून म्हणाला,

"दाजी, बोटं."